महाविद्यालयाचा माध्यम व तंत्रसाहाय्य कक्ष : तासाला तत्पर, तासानंतर बेफिकीर

जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या अनुदानित महाविद्यालयात मी भूगोल शिकवते, तेथील माध्यम व तंत्रसाहाय्य कक्षाचे हे परीक्षण आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाविषयी, वसतिगृहाविषयी आणि कँटीनविषयी लोक हिरिरीने लिहितात. मात्र वर्गातला प्रोजेक्टर चालू ठेवणाऱ्या, व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण करून देणाऱ्या आणि विद्यार्थ्यांची लॉगिन खाती सांभाळणाऱ्या कक्षाबद्दल माहितीपुस्तिकेत ‘सुसज्ज आयसीटी सुविधा’ एवढी एक ओळ छापली की काम भागते. त्या ओळीमागे प्रत्यक्षात काय मिळते, हे प्रवेश घेणाऱ्याला आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्राध्यापकाला कळायला हवे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. वर्ग भरलेला असताना अडचण आली तर हा कक्ष जशी मदत करतो, तशी मदत मी अन्यत्र पाहिलेली नाही. परंतु तास संपल्यानंतर त्या तासासाठी तयार झालेल्या साहित्याचे पुढे काय होते, याची जबाबदारी कक्षात कोणाचीच नाही, आणि हा दोष किरकोळ नाही.

कक्षाची रचना साधी आहे. ग्रंथालयाच्या इमारतीत जिन्याला लागून असलेल्या ज्या खोलीला जुने प्राध्यापक अजूनही ‘एव्ही रूम’ म्हणतात, तेथे कार्यालय आणि दुरुस्तीचे टेबल आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर ध्वनिचित्रमुद्रणाची खोली आहे. संगणकशास्त्राच्या एक प्राध्यापिका स्वतःचे तास सांभाळून प्रभारी म्हणून काम पाहतात, दोन तंत्रसहायक कंत्राटी नेमणुकीवर आहेत, आणि एक परिचर आहेत, ज्यांना सारे महाविद्यालय ‘मामा’ म्हणते. सकाळच्या पाळीतील वाणिज्य शाखेपासून दुपारच्या प्रात्यक्षिकांपर्यंत वर्गखोल्यांतील प्रोजेक्टर, सभागृहाची ध्वनियंत्रणा, मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रणाली, ईमेल खाती, व्याख्यानांचे मुद्रण आणि प्रयोगशाळांतील संगणकांची प्राथमिक दुरुस्ती एवढा पसारा या चौघांवर चालतो. शिवाय स्नेहसंमेलन, पालकसभा, पाहुण्यांची व्याख्याने यांच्यासाठी माइक लावणे हेही त्यांच्याकडेच येते. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात कक्ष शिकवण्यासाठी जवळजवळ बंद असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

तासाच्या वेळची सेवा कशी आहे ते आधी सांगते. प्रत्येक वर्गातील टेबलाच्या खणाच्या आतल्या बाजूला कक्षाचा दूरध्वनी क्रमांक आणि त्या खोलीतील प्रोजेक्टरचा अनुक्रमांक चिकटवलेला आहे. फोन केला की कोणती खोली आणि कोणते यंत्र हे सांगण्यात वेळ जात नाही, आणि पलीकडून येणारा पहिला प्रश्न ‘पडद्यावर काय दिसते आहे?’ हा असतो. निम्म्या तक्रारी त्या एका प्रश्नावर फोनवरच मिटतात, कारण बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते, सोर्स बदललेला असतो किंवा लॅपटॉपने दुसरा पडदा ओळखलेला नसतो. यावे लागले तर तंत्रसहायक खांद्याला पिशवी अडकवून येतात. तिच्यात एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, रिमोटचे सेल, एक जास्तीची केबल, पेचकस आणि रंगकामाचा छोटा ब्रश एवढेच असते. मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची रीत. शंभर विद्यार्थ्यांसमोर प्राध्यापकाच्या हातातून माउस ओढून घेणारे तंत्रज्ञ मी इतर ठिकाणी पाहिले आहेत. येथे मात्र ‘मॅडम, तुम्ही शिकवत राहा, मी मागून बघतो’ असे म्हणून काम होते, आणि मी फळ्यावर आकृती काढून पूर्ण करेपर्यंत पडदा बहुधा उजळलेला असतो.

पिशवीतल्या ब्रशचे प्रयोजन मला गेल्या उन्हाळ्यात समजले. आमच्या खोलीतला प्रोजेक्टर वीस-पंचवीस मिनिटे चालून आपोआप बंद पडत असे आणि त्याच्यावर नारिंगी दिवा लुकलुकत असे. दिवा, म्हणजे लॅम्प, गेला असेल असे समजून आम्ही खरेदीचा अर्ज करण्याच्या तयारीत होतो. तंत्रसहायकाने स्टुलावर चढून यंत्राच्या बाजूची पट्टी सरकवली, आतली फोमची जाळी बाहेर काढली आणि ती खिडकीबाहेर धरून ब्रशने झाडली, तेव्हा खडूच्या भुकटीचा पांढुरका लोट उडाला. भुकटीने जाळी बुजली की आतली हवा खेळत नाही, तापमान वाढते आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते, हे त्याने स्टुलावरूनच समजावून सांगितले. मेनूत जाऊन दिव्याचे वापरलेले तासही दाखवले, आणि ते आयुर्मर्यादेच्या निम्म्यावरही नव्हते. फळा आणि प्रोजेक्टर एकाच भिंतीपाशी असलेल्या आपल्याकडच्या वर्गांत हा त्रास सर्वत्र असणार. तरीही किती ठिकाणी चांगले दिवे आणि चांगली यंत्रे निर्लेखनाच्या यादीत गेली असतील, याचा विचार करवत नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मामा सगळ्या खोल्यांतील जाळ्या झाडतात आणि खणातल्या कागदावर तारीख घालतात. या कक्षाचे उत्तम काम दाखवायचे झाले तर मी तो तारखांचा कागद दाखवीन.

भूगोलाच्या माणसाला प्रोजेक्टरबद्दल एक खास तक्रार असते, तीही येथे नोंदवते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा कागदावर सुमारे ५५ सेंटिमीटर उंच असतो. तो ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने, स्कॅन केला तर उंचीला साडेसहा हजारांच्या आसपास पिक्सेल होतात. आमच्या जुन्या प्रोजेक्टरवर उभे पिक्सेल आहेत ७६८. साहजिकच पूर्ण नकाशा पडद्यावर घेतला की सह्याद्रीच्या उतारावर दाटीवाटीने आलेल्या, वीस मीटर अंतराच्या तपकिरी समोच्च रेषा विरघळून तपकिरी डाग तेवढा उरतो, आणि नेमका तो उतार किती तीव्र आहे हेच तर शिकवायचे असते. कक्षाने यावर दोन उपाय सुचवले आणि दोन्ही उपयोगी पडले. पहिला म्हणजे प्रोजेक्टरचा रंगप्रकार बदलणे, कारण कारखान्यातून येताना असलेल्या भडक प्रकारात तपकिरी आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. दुसरा म्हणजे नकाशा प्रतिमा म्हणून स्लाइडवर न चिकटवता क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून हवा तेवढाच भाग मोठा करून दाखवणे. क्यूजीआयएस मोफत आहे आणि कक्षाने ते वर्गांतल्या संगणकांवर आपणहून घालून ठेवले आहे. विषय भूगोल आहे म्हणून काय लागेल याचा कोणीतरी विचार केला, ही गोष्ट अर्ज न करता मिळाली. महाविद्यालयीन व्यवस्थेत असे वरचेवर घडत नाही.

खरेदीच्या बाबतीत मात्र कक्षाचे मत विचारले जाते की नाही, अशी शंका येते. अलीकडे काही खोल्यांत भिंतीवर ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसवण्यात आले. चित्र स्वच्छ, दिवा बदलण्याची कटकट नाही, पडदे ओढून अंधार करावा लागत नाही, बोटाने लिहिता येते. वीस-पंचवीस जणांच्या पदव्युत्तर वर्गासाठी ही उत्तम वस्तू आहे. पण ती बसवली आहेत पहिल्या वर्षाच्या शंभराच्या वर्गांत. ६५ इंची पॅनेलची उंची भरते सुमारे ८१ सेंटिमीटर. वाचण्याचा मजकूर असेल तर शेवटचा विद्यार्थी चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावा, हा दृक्‌श्राव्य क्षेत्रातला जुना ठोकताळा लावला, तर पाच मीटरच्या पलीकडे बसलेल्यांसाठी ते पॅनेल शोभेचे ठरते, आणि आमचे वर्ग नऊ मीटर खोल आहेत. सहा फूट उंचीचा साधा पांढरा पडदा हाच हिशेब अकरा मीटरपर्यंत निभावतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात पायाभूत सुविधा आणि अध्ययनसाधने येतात, तेव्हा पाहणीला आलेल्या समितीला भिंतीवर काहीतरी नवे दिसलेले बरे, असा हिशेब यामागे असावा. अहवालात खोल्या मोजल्या जातात. शेवटच्या बाकावरून अक्षर लागते का, हे कोणी मोजत नाही. तंत्रसहायकांना हे आधीच माहीत होते, असे त्यांच्याशी बोलताना जाणवले. त्यांनी जुने प्रोजेक्टर त्या खोल्यांतून न उतरवता छताला तसेच राहू दिले आहेत, आणि आम्ही ते बिनबोभाट वापरतो.

तासाच्या पूर्वतयारीसाठी मिळणारी मदत बरी म्हणावी अशी आहे. लॅपटॉप, कॉलर माइक, टेबलावरचा कागद पडद्यावर दाखवणारा व्हिज्युअलायझर या वस्तू आदल्या दिवशी नोंद केली तर मिळतात. ऐन वेळी मागितल्या तर कोण मागतो यावर अवलंबून असते, हे अप्रिय असले तरी खरे आहे. मराठीतून शिकवणाऱ्यांना सतावणारा प्रश्न म्हणजे टंकांचा, म्हणजे फॉन्टचा. आमच्या विभागात वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपी आणि काही आयएसएम या युनिकोड नसलेल्या जुन्या टंकप्रणालींत टंकलेल्या आहेत. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. कक्षाने या फाइली युनिकोडमध्ये आणून देण्याचे काम हाती घेतले, वर्गांतील सर्व संगणकांवर तेच चार-पाच मराठी टंक बसवले आणि स्लाइड नेताना सोबत पीडीएफ प्रतही न्यावी असा आग्रह धरला. काम चांगले झाले, पण तपासणी कमी पडली. रूपांतरात अर्ध्या र चे रफारात रूपांतर झाल्यामुळे माझ्या एका स्लाइडवर सह्याद्रीतल्या सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन अवतरल्या आणि मागच्या बाकांवर व्हायचा तो हशा झाला. हे सॉफ्टवेअरचे काम म्हणून सोडून देता येत नाही. मराठी जाणणाऱ्या माणसाने एकदा नजर फिरवणे हा त्या कामाचाच भाग आहे, आणि मराठी विभाग त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आहे.

ध्वनिचित्रमुद्रणाची खोली ही कक्षाची अभिमानाची जागा. हिरवा पडदा, दोन एलईडी दिवे, एक चांगला कॅमेरा आणि मुद्रणासाठी ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर, एवढीच सामग्री आहे, आणि तेवढी पुरते. येथल्या तंत्रसहायकाचा सारा भर आवाजावर असतो. चित्र थोडे धूसर असले तरी विद्यार्थी पाहतो, पण आवाज घुमला तर दोन मिनिटांत बंद करतो, हे त्याचे म्हणणे मला पूर्ण पटले आहे. म्हणून मुद्रण सुरू होण्यापूर्वी तो पंखा बंद करतो, साडीच्या पदराला माइक घासणार नाही असा लावून देतो आणि अर्धे मिनिट बोलायला लावून हेडफोनवर ऐकतो. व्याख्यान ४५ मिनिटांचे असेल तर त्याचे तीन-चार तुकडे करा, प्रत्येकात एकच मुद्दा घ्या, असेही तो सुचवतो. हे ऐकून काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना राग येतो, पण त्याचे बरोबर आहे. मुद्रणानंतरचे संपादन मात्र रखडते. सत्राच्या सुरुवातीला मुद्रित केलेला भाग हाती येईपर्यंत तो घटक शिकवून, त्यावरची चाचणीही उरकलेली असते. दोन माणसांत याहून जास्त होणार नाही हे मान्य केले तरी, कोणाचे काम रांगेत कितवे आहे हे एका तक्त्यावर लिहून दाराबाहेर लावायला काही खर्च येत नाही.

या देशात शैक्षणिक माध्यमांचा सरकारी उद्योग काही नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा देशव्यापी दूरदर्शन कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला, आणि त्यासाठी निर्मिती करणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. २०१७ मध्ये स्वयम् हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. २०२१ च्या आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी त्यावरून पूर्ण करू शकतो. एवढे सगळे आयते उपलब्ध असताना जिल्ह्याच्या महाविद्यालयाने स्वतःचे मुद्रण कशासाठी करावे, असा प्रश्न आमच्याकडे बैठकीत विचारला गेला आहे. त्याचे उत्तर माझ्या विषयापुरते तरी सोपे आहे : स्वयम् वरील बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, आणि आमच्या तालुक्यातील ओढ्याच्या काठावरची मृदाधूप दाखवणारी मराठी चित्रफीत दिल्लीहून येणार नाही. त्यामुळे कक्षाने स्थानिक विषयांवरच्या मुद्रणाला प्राधान्य द्यावे आणि पाठ्यपुस्तकातली व्याख्या वाचून दाखवणाऱ्या व्याख्यानांना नम्रपणे नकार द्यावा. सध्या जो आधी येईल त्याचे मुद्रण होते.

आता मूळ तक्रारीकडे येते. महासाथीच्या काळात आम्ही प्रत्येक तास मुद्रित केला आणि तो महाविद्यालयाच्या गूगल खात्यावर साठत गेला, कारण शैक्षणिक संस्थांना तेव्हा अमर्याद जागा मिळत होती. गूगलने ती सवलत बंद करत असल्याचे २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर केले, आणि २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आली. निर्णय कंपनीचा होता. त्याबद्दल कक्षाला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु हाताशी वर्षाहून अधिक काळ असताना कोणत्या चित्रफिती ठेवायच्या, कोणत्या काढायच्या, कोणत्या हार्ड डिस्कवर उतरवायच्या, याचा विचार कोणी केला नाही. शेवटी मोठ्या फाइली आधी या न्यायाने सफाई झाली आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली सूचना ज्यांच्या नजरेतून सुटली, त्यांचे काम गेले. जे उरले तेही शोधता येत नाही. ‘मीटिंग रेकॉर्डिंग’, ‘नवीन २’, ‘सर फायनल’ अशा नावांच्या फाइलींतून भूरूपशास्त्राचा तिसरा घटक कोणी कसा हुडकावा? ग्रंथालयात पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो. चित्रफितीलाही विषय, वर्ग, घटक, शिक्षक आणि वर्ष एवढ्या पाच गोष्टींची नोंद मिळावी यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, एक रजिस्टर पुरते, आणि ग्रंथपाल हे शिकवायला आनंदाने तयार आहेत.

हा हलगर्जीपणा जुनाच आहे, असे कागदपत्रांवरून दिसते. डेड स्टॉक रजिस्टरच्या जुन्या पानांवर स्लाइड प्रोजेक्टर, ओव्हरहेड प्रोजेक्टर, व्हीसीआर यांच्या नोंदी आहेत आणि त्यांच्यापुढे निर्लेखनाचे शेरे आहेत, ते ठीकच. यंत्र कालबाह्य होते. पण त्या यंत्रांवर जे दाखवले जात होते, त्या भूगोल विभागाच्या सहलींच्या रंगीत स्लाइड, कोकण किनाऱ्याचे, पठारावरच्या कोरड्या विहिरींचे फोटो, यांची नोंद कोठेच नाही, कारण त्यांना वस्तू म्हणून किंमत नव्हती. यंत्राचा हिशेब असतो आणि आशयाचा नसतो, ही सवय कॅसेटच्या काळातून क्लाउडच्या काळात जशीच्या तशी आली आहे.

याचा सर्वाधिक फटका बसतो तो तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना. वरिष्ठ महाविद्यालयांत आज अध्यापनाचा मोठा भार ही मंडळी वाहतात. सत्राच्या सुरुवातीला त्यांचे संस्थेचे ईमेल खाते उघडायला आठवडे लागतात, कारण आदेशाची प्रत कार्यालयातून कक्षाकडे उशिरा पोचते. सत्र संपले की खाते बंद करायला मात्र वेळ लागत नाही. खात्याबरोबर त्यांनी मूडलवर रचलेला अभ्यासक्रम, प्रश्नपेढी, विद्यार्थ्यांच्या शंकांना दिलेली उत्तरे हेही त्यांच्या हातून जाते, आणि पुढच्या वर्षी तोच विषय दुसऱ्याच्या वाट्याला आला तर तो पुन्हा कोऱ्या पानापासून सुरुवात करतो. मूडलमध्ये संपूर्ण अभ्यासक्रमाची बॅकअप फाइल काढण्याची सोय आहे. काम काही मिनिटांचे असते आणि ती फाइल दुसऱ्या मूडलवरही पूर्ववत उघडता येते. सत्र संपताना प्रत्येक शिक्षकाला त्याची प्रत पेनड्राइव्हवर देणे आणि एक प्रत विभागाकडे ठेवणे, एवढा नियम केला तरी नुकसान टळेल. मी हे लेखी सुचवले आहे. प्रभारी मॅडमनी ते मान्यही केले आहे. अडले आहे ते कोणाच्या सहीने परिपत्रक निघावे यावर.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर कक्षाचे एक काम उजवे आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नाही. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी दोन संगणकांवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवला आहे आणि तो मराठीही वाचतो, आवाज यांत्रिक असला तरी. अडचण असते ती आमच्या नोट्सची, कारण प्राध्यापकांनी दिलेली पीडीएफ ही बहुतेक वेळा झेरॉक्सवरून केलेले स्कॅन असते. डोळ्यांना ती अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते केवळ चित्र असते आणि स्क्रीन रीडर त्यापुढे गप्प बसतो. कक्षातील धाकटे तंत्रसहायक अशी पाने ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढतात आणि मग चक्क बसून ओळ न् ओळ तपासतात. एका विद्यार्थिनीसाठी त्यांनी हवामानशास्त्रातले तक्ते वाक्यांच्या रूपात लिहून काढले, कारण ओसीआरने रकाने एकमेकांत मिसळले होते आणि जुलैचा पाऊस जानेवारीत पडत होता. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव केल्या. पण त्या जागेवर बसलेल्या मुलीला तक्ता वाचता येण्यासाठी असा एक माणूस लागतो, आणि तो कंत्राटी आहे, ही बाब व्यवस्थापनाने लक्षात ठेवलेली बरी.

बाकीच्या विद्यार्थ्यांची गरज अगदी साधी आहे. एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांच्या मोबाइलचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो, त्यामुळे मोठ्या आकाराच्या चित्रफितीपेक्षा फक्त आवाजाची फाइल त्यांना अधिक सोयीची पडते. मागणी केली तर कक्ष ती काढून देतो. मागणी करावी लागू नये. प्रशिक्षण कार्यशाळांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन तासांची, हारतुरे आणि आभारप्रदर्शनासकट होणारी कार्यशाळा प्रमाणपत्रापुरती असते. त्यापेक्षा आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील छोटे पाठ, ज्यांतील बरेच मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत, तंत्रसहायकाच्या शेजारी बसून पाहिलेले अधिक उपयोगी पडतात, आणि दुपारी तीननंतर गेले तर ते तसा वेळ देतात.

नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी काही व्यवहारी सूचना. नेमणुकीचा आदेश हाती पडला की कार्यालयाच्या भरवशावर न राहता त्याची एक प्रत स्वतः कक्षात नेऊन द्यावी, म्हणजे खाते त्याच आठवड्यात उघडते. लॅपटॉपला फक्त सी प्रकारचे पोर्ट असेल तर त्याचा कन्व्हर्टर स्वतःचा ठेवावा, कारण कक्षाकडचा एकुलता एक कायम प्राचार्यांच्या दालनात असतो. मुद्रित केलेले सर्व साहित्य त्याच दिवशी आपल्या हार्ड डिस्कवर घ्यावे आणि फाइलला नाव देण्याचे काम दुसऱ्यावर सोडू नये. मुद्रणाची खोली आगाऊ नोंदवावी, पण जून ते सप्टेंबर या काळात शक्यतो नको. तिच्यावर पत्रा आहे, आणि आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की कोणत्याही कॉलर माइकचे काही चालत नाही. मुद्रण करायचे तर दिवाळीच्या सुटीनंतरचे तीन आठवडे सर्वांत चांगले, कारण तेव्हा परीक्षांचे काम संपलेले असते आणि स्नेहसंमेलन अजून लांब असते.